रोटी मेकर घ्यावा का? घेण्याआधी घरीच घ्यायची परीक्षा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लग्नात भेट आलेला, प्रदर्शनात भुरळ घालणारा, परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत कोंबलेला हा प्रकार बहुतेक घरांत कुठे ना कुठे असतो, आणि बऱ्याचदा माळ्यावर असतो. खालचे प्रश्न विजेवर चालणाऱ्या, झाकण दाबून पोळी करायच्या रोटी मेकरबद्दल आहेत. आपोआप कणीक मळणाऱ्या महागड्या यंत्राबद्दल एकच प्रश्न आहे, तो पुढे येईल.

हे यंत्र नेमकं काय काम करतं?

लाटायचं आणि भाजायचं. एवढंच. कणीक भिजवणं, तिंबणं, उंडे करणं, तूप लावणं, परात घासणं, ओटा पुसणं, ही सगळी कामं तुमच्याकडेच राहतात. जाहिरातीत उंडा ठेवण्यापासून फुगलेली पोळी उचलण्यापर्यंतचाच भाग दिसतो. त्यामुळे स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा: पोळ्यांच्या कामात तुम्हाला नक्की कशाचा कंटाळा आहे? कणीक मळायचा असेल तर हे यंत्र तुमच्या उपयोगाचं नाही. लाटता येत नसेल, किंवा लाटताना मनगट दुखत असेल, तर पुढे वाचा.

वेळ वाचतो का?

हात बसलेल्या माणसाचा वाचत नाही. उलट जरा जास्तच जातो.

कारण साधं आहे. पोळपाटावर एक पोळी लाटली जात असते तेव्हा तव्यावर दुसरी भाजली जात असते. दोन कामं एकाच वेळी चालतात. रोटी मेकरमध्ये दाबणं आणि भाजणं एकाच तबकडीवर होतं, म्हणजे पहिली पोळी उतरल्याशिवाय दुसरा उंडा ठेवता येत नाही. एका पोळीला दाब, थांबा, उलटा, पुन्हा थांबा, फुगवा असं मिळून मिनिटभर लागतं. सराईत बाई तेवढ्या वेळात तव्यावरून एक पोळी उतरवतेच. शिवाय यंत्र तापायला सुरुवातीची काही मिनिटं लागतात ती वेगळी.

काही जण यंत्रात फक्त दाबून घेतात आणि शेजारी गॅसवरच्या तव्यावर भाजतात. त्यात वेग येतो, हे खरं. पण मग ओट्यावर यंत्रही आलं आणि तवाही आला.

ज्याला एक पोळी लाटायलाच दोन-तीन मिनिटं लागतात आणि तरी ती भारताच्या नकाशासारखी होते, त्याचा वेळ मात्र नक्की वाचतो.

घरी परीक्षा घ्यायची तर कशी घ्यायची?

आधी यंत्र विकत घेऊ नका. ओळखीत कुणाकडे तरी ते पडून असतंच. आठवडाभरासाठी मागून आणा. बहुतेक लोक आनंदाने देतात, आणि परत आणायची घाई करू नका असंही सांगतात. त्यातच निम्मं उत्तर मिळतं म्हणा.

पहिले एक-दोन दिवस नुसते हात बसवण्यात घालवा. त्या दिवसांचा निकाल धरू नका. तो यंत्राचा नसतो, तुमच्या नवखेपणाचा असतो.

मग एका सकाळी दोन कणका भिजवा. एक नेहमीची, लाटण्यासाठी; दुसरी सैल, यंत्रासाठी. इथे बरेच जण एकच कणीक अर्धी-अर्धी वाटून तुलना करतात. तो यंत्रावर अन्याय आहे, कारण लाटायला चांगली असलेली कणीक दाबायला घट्ट पडते. पीठ मात्र एकाच डब्यातलं हवं. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर उंडे सारख्या वजनाचे करा, ३५ ते ४० ग्रॅमचे. घड्याळ लावा ते परातीत पीठ काढताना, आणि बंद करा ते सगळी भांडी जागेवर गेल्यावर. यंत्र थंड व्हायची वाट बघणं, तबकडी पुसणं, वायर गुंडाळणं, कपाटात ठेवणं, हे सगळं त्यातच मोजायचं. हाताने करताना पोळपाट-लाटणं धुणं आणि सांडलेली पिठी पुसणंही मोजायचं, नाहीतर पुन्हा अन्याय.

आता खरी परीक्षा. दोन्हीकडच्या पोळ्या सारख्याच सुती फडक्यात गुंडाळून दोन सारख्या डब्यांत ठेवा आणि दुपारपर्यंत उघडू नका. तव्यावरून किंवा यंत्रातून थेट ताटात आलेली पोळी नेहमीच बरी लागते. पोळी बहुतेक घरांत खाल्ली जाते ती चार तासांनी, ऑफिसात किंवा शाळेच्या मधल्या सुट्टीत. तेव्हा दोन गोष्टी बघा. पोळीची चौघडी केली तर घडीवर तडा जातो का? आणि डावा हात न लावता, फक्त उजव्या हाताने घास तोडता येतो का? दोन्ही हातांनी ओढावी लागली तर ती वातड झाली आहे, मग ती कितीही गोल असो.

घरच्यांना चव विचारायची तर पोळ्यांचे आधीच तुकडे करून ठेवा. अख्ख्या ठेवल्या तर आकारावरून लगेच ओळखतात आणि मग चवीवर कुणी बोलत नाही, बाजू घेतात.

प्रदर्शनात टम्म फुगते, घरी का फुगत नाही?

प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याची कणीक खूप सैल असते, मुरलेली असते, यंत्र तासभर आधीच तापलेलं असतं आणि त्याने दिवसभर तेच केलेलं असतं. यात फसवणूक नाही, सराव आहे. पण तुम्ही ती पोळी गरमागरम खाता आणि तिथेच पैसे देता. पुढच्या वेळी घरची कणीक डब्यातून घेऊन जा आणि तीच करून दाखवायला सांगा. केलेली पोळी फडक्यात गुंडाळून प्रदर्शनाचा फेरा मारून या, मग खा. विक्रेत्याला आवडणार नाही; चालतं.

फुगण्यामागचं कारण वाफ. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,६०० पट जागा मागते. पोळीच्या दोन्ही बाजूंना पातळ कातडी धरली आणि कुठेही छिद्र नसलं की वाफ आत अडकते आणि पोळी फुगते. घरी झाकण फार वेळ दाबून धरलं जातं, वाफ कडेने फुसकन बाहेर पडते, कधी पोळीच फाडून बाहेर येते. मग फुगवायला आत काही उरत नाही.

मग दाबायचं कसं?

उंडा आधी तळहाताने चपटा करायचा, किंचित पिठी लावायची. तबकडीच्या बरोबर मध्ये न ठेवता बिजागरीच्या बाजूला थोडा सरकवून ठेवायचा, कारण झाकण तिरकं खाली येतं आणि पीठ पुढे ढकलतं. एकदा ठाम दाबायचं, एक-दोन सेकंद, आणि लगेच उघडायचं. दाबून धरायचं नाही. वरच्या बाजूचा रंग बदलून बारीक फोड दिसायला लागले की उलटायचं, तिकडचीही तशीच होऊ द्यायची, मग झाकण नुसतं टेकवायचं. या वेळी दाब नको, वरून फक्त उष्णता हवी.

दिवा विझला म्हणजे यंत्र तापलं, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मी दिवा एकदा विझून पुन्हा लागून परत विझेपर्यंत थांबते. पहिल्या वेळी तबकडीचा मधला भाग तापलेला असतो, कडा नसतात.

कणीक किती सैल हवी?

लाटायच्या पोळीला १०० ग्रॅम पिठाला साधारण ६० ते ६५ मिलिलिटर पाणी लागतं. यंत्रासाठी ७० ते ७५ पर्यंत जावं लागतं, हाताला चिकटेल न चिकटेल अशी. वर तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवायची. हा अर्धा तास चुकवता येत नाही. गव्हात ग्लुटेन असतं, ते मळताना ताणलं जातं आणि दाबल्यावर पीठ रबरासारखं आकसून मागे येतं. मुरू दिलं की ते सैलावतं. लाटताना हा ताण आपण लाटण्याच्या दहा-वीस फेऱ्यांत हळूहळू मोडतो. यंत्राला तो एका दाबात मोडायचा असतो.

गिरणीतून दळून आणलेलं पीठ पाणी जास्त पितं, कारण जात्याच्या दगडात घासून आणि तापून गव्हातल्या पिठूळ कणांना तडे जातात आणि ते पाणी शोषतात. म्हणून लोकवनच्या घरच्या पिठाचं माप पाकिटातल्या पिठाला जसंच्या तसं लावू नका.

घडीची पोळी होते का?

नाही. माझ्या मते मराठी घरात या यंत्राविरुद्ध सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे.

आपण लाटी थोडी लाटून तेल लावतो, घडी घालतो, पुन्हा लाटतो. तेलाच्या थरामुळे पापुद्रे एकमेकांना चिकटत नाहीत, भाजताना सुटतात आणि पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. यंत्रात घडीचा उंडा ठेवून दाबला तर थर एकमेकांत घुसतात, तेल कडेला येतं आणि तबकडीवर जळतं. यंत्र करतं तो फुलका, म्हणजे एकपदरी रोटी. ज्या घरात रोज फुलकेच होतात आणि लगेच खाल्ले जातात तिथे यंत्राबद्दल तक्रारी कमी असतात. नागपूरची असो वा सांगलीची, घडीच्या पोळीची सवय असलेली माणसं पहिल्याच दुपारी नाक मुरडतात.

पुरणपोळी आणि गुळपोळीचा विचारही करू नका. पुरण बाहेर येतं आणि गूळ तबकडीवर कॅरमल होऊन बसतो.

पोळी वातड का होते?

बहुधा हळू भाजल्यामुळे. ओली कणीक पडली की तबकडीचं तापमान खाली येतं आणि ते पुन्हा चढायला वेळ लागतो. चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर पोळी पटकन भाजून उतरते, आतलं पाणी आतच राहतं. यंत्रात ती जास्त वेळ पडून राहते आणि पाणी उडतं. त्यातून कडा पातळ झाल्या असतील तर त्या पापडासारख्या वाळतात. उपाय: कणीक सैल, दाब कमी, आणि उतरवल्यावर लगेच तूप लावून फडक्यात. एवढं करूनही घडीच्या पोळीइतकी मऊ राहत नाही, पण खाण्याजोगी राहते.

भाकरी?

ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नाही, म्हणजे पीठ आकसून मागे येण्याचा प्रश्नच नाही. दाबून पसरायला ही पिठं खरं तर जास्त योग्य. मेक्सिकोत मक्याचा तॉर्तिया दाबयंत्रात दाबूनच करतात, फक्त ते यंत्र थंड असतं आणि भाजायला वेगळा तवा असतो. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो, त्यामुळे पीठ बांधून येतं.

आपल्याकडे तोच परिणाम उकडीने साधतो. तांदळाच्या पिठाची उकड काढून, मळून, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये साध्या हाताच्या पुरी प्रेसमध्ये दाबली तर भाकरी सुरेख होते. ज्वारीचीही होते, कडा जरा चिरतात. विजेच्या रोटी मेकरमध्ये मात्र भाकरी नीट होत नाही. गरम तबकडीला पीठ चिकटतं, आणि वरून पाणी फिरवायची जी आपली रीत, ती त्यात बसत नाही. भाकरीसाठी काही घ्यायचंच असेल तर तो हातप्रेस घ्या. किंमत कमी, वायर नाही, बिघडण्यासारखं काही नाही.

वीज फार खाते का?

नाही, आणि गॅसचीही फार बचत होत नाही. बहुतेक यंत्रं ९०० ते १,००० वॉटची असतात. अर्धा तास सलग चालली तरी अर्धं युनिट. तापमान राखायला मधूनमधून बंद पडतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. युनिटला १० रुपये धरले तरी पाच रुपयांच्या आत. गॅसचा मोठा बर्नर पूर्ण आचेवर ताशी साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस घेतो. मध्यम आचेवर अर्धा तास पोळ्या केल्या तर ५०–७० ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर तेही चारेक रुपये झाले. बचतीच्या नावाखाली कुणी विकत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

नॉनस्टिक लेपाचं काय?

लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतो. व्यवस्थित चालणारं यंत्र तिथपर्यंत जाऊ नये. रिकामं यंत्र झाकण लावून तापत ठेवू नका. लोखंडी चिमटा आणि उलथनं लांब ठेवा. लाकडी किंवा सिलिकोनचं वापरा. जळलेली पिठी यंत्र कोमट असताना ओल्या फडक्याने पुसायची. नळाखाली धरायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगते. लेपाचे पापुद्रे निघायला लागले की यंत्राचं आयुष्य संपलं असं समजा, कारण तबकड्या सहसा बदलून मिळत नाहीत.

मुलगी अमेरिकेला चालली आहे. इथून घेऊन देऊ का?

देऊ नका. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, तिकडे १२० व्होल्ट. प्लग बदलणारा अडॅप्टर लावला तरी व्होल्ट बदलत नाहीत. तापणाऱ्या तारेच्या यंत्राची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ९०० वॉटचं यंत्र तिकडे अडीचशे वॉटच्या आसपास चालेल. त्यावर पोळी भाजत नाही, वाळते. एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग. तिकडे १२० व्होल्टचे रोटी मेकर आणि तॉर्तिया मेकर मिळतात, तिथेच घेऊ द्या. तिकडचं यंत्र इकडे आणून लावलं तर उलटं होतं: ताकद जवळपास चौपट होते आणि यंत्र जळतं. इंग्लंड, युरोप, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर इथे व्होल्ट आपल्यासारखेच आहेत, फक्त प्लग वेगळा. वसतिगृहात राहणार असेल तर विजेची उपकरणं चालतात का, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत.

आणि ते रोटीमॅटिक?

ती वेगळी जात. पीठ, पाणी, तेल भरायचं, बटण दाबायचं, बाहेर रोटी. सिंगापूरच्या झिम्प्लिस्टिक कंपनीचं हे यंत्र प्रणोती नागरकर-इस्रानी आणि ऋषी इस्रानी यांनी २००८ पासून विकसित केलं आणि २०१६ मध्ये ते अमेरिकेत ग्राहकांच्या घरी पोचलं, ९९९ डॉलरला. कणीक मळण्याचा कंटाळा असलेल्यांसाठी खरं उत्तर हे आहे. पण घडीची पोळी तेही करत नाही, ओट्यावर बरीच जागा घेतं, आणि बिघडलं तर कोपऱ्यावरचा मिस्त्री हात लावत नाही. रोज रोटी करणारं आणि पोळ्या विकत मिळत नाहीत अशा गावात राहणारं कुटुंब असेल तर हिशेब मांडून बघण्यासारखं आहे.

आईला संधिवात आहे. तिच्यासाठी बरं पडेल का?

मनगट फिरवायचा त्रास असेल तर हो, कारण लाटणं वाचतं. पण दांडा दाबायला खांद्यातून जोर लागतो आणि वरची तबकडी उघडी असताना हाताच्या अगदी जवळ असते. हात थरथरत असेल किंवा बोटांना संवेदना कमी असेल तर भाजण्याची भीती जास्त. आईला स्वतःला दुकानात नेऊन थंड यंत्राचा दांडा दहा-बारा वेळा दाबायला लावा. पाचव्या वेळीच तिचा चेहरा बघून कळेल. बऱ्याचदा तिला यंत्रापेक्षा कणीक मळून देणारं माणूस हवं असतं.

पोळीवाल्या मावशी परवडतात की यंत्र?

ही तुलना पैशात करायची तर यंत्राची किंमत वापरण्याच्या वेळांनी भागा. समजा २,५०० रुपयांचं यंत्र आठवड्यातून तीनदा वापरलं, तर पहिल्या वर्षी एका वेळेला सुमारे १६ रुपये पडतात. महिन्यातून दोनदा वापरलं तर शंभराच्या वर. आता तुमच्या भागात मावशी किंवा पोळीभाजी केंद्र एका पोळीचे किती घेतात ते मांडा. पण मावशी कणीक मळतात, ओटा आवरतात आणि घडीच्या पोळ्या करतात. यंत्राशी त्यांची तुलना होतच नाही. मावशींच्या सुट्टीच्या दिवसासाठी यंत्र घेणाऱ्यांनी तर मुळीच घेऊ नये. त्या दिवशी खिचडी करावी.

याच्यावर दुसरं काही होतं का?

खाकरा. अर्धवट भाजलेली पातळ पोळी दाबून दाबून कडक करायची, हेच तर खाकऱ्याचं तंत्र, आणि ते या यंत्राला उत्तम जमतं. पोळी वातड होते ज्या कारणाने, त्याच कारणाने खाकरा चांगला होतो. उडदाचा पापडही बरा भाजला जातो. थालीपीठ होतं, पण ते तव्यावर झाकण ठेवून जितकं खमंग होतं तितकं नाही.

घ्यायचं ठरलंच, तर काय बघू?

बिजागरी आणि दांडा. आधी मोडतो तो दांडा, म्हणून धातूचा, जाड आणि तबकडीपासून लांब असलेला बघा. झाकण मिटल्यावर दोन तबकड्यांमध्ये सगळीकडून सारखी फट आहे का ते कागदाची पट्टी घालून ओढून बघा. एका बाजूने सहज निघाली आणि दुसरीकडे अडकली तर पोळी एकीकडे जाड होणार. वायर जाड हवी, प्लग तीन पिनांचा हवा, आयएसआय चिन्ह हवं. तबकडी किमान आठ इंची असावी. हमीपत्रात लेप धरलाय की फक्त तापणारी तार, हे वाचा. बिल जपून ठेवा. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरात आहे, पण दोन वर्षं माळ्यावर आहे. काय करू?

खाली काढा, आणि वायर उंदरांनी कुरतडलेली नाही हे आधी तपासा. मग पंधरा दिवस ओट्यावर प्लगजवळ ठेवा. तरीही हात गेला नाही तर ज्याला लाटता येत नाही अशा, नव्याने एकट्या राहू लागलेल्या कुणाला तरी देऊन टाका, सोबत कणकेचं माप कागदावर लिहून. परत मागू नका.